किचनच्या खिडकीतली रेंज

"पासवर्ड बदललास?" देवेशने विचारलं.

"कशाला बदलू?" म्हणत चेतनाने फोन किचनच्या खिडकीत उभा केला. मागे टेकू म्हणून साखरेचा डबा लावला. मुलुंडच्या या घरात रेंज येते ती या वीतभर जागेत, आणि तीही तिच्याच फोनला. रस्ता खणणाऱ्यांनी सकाळी इंटरनेटची वायर तोडली होती. देवेशच्या फोनला घरात कधीच रेंज नव्हती. तो बोलायला जिन्यात जायचा. पण जिन्यात उभं राहून घटस्फोट कसा घेणार? समोर नलिनीकाकू दार सताड उघडं टाकून मटार सोलत बसलेल्या.

तेव्हा चेतनाच्या फोनचा हॉटस्पॉट, त्यावर देवेशचा लॅपटॉप, आणि लॅपटॉप ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. वकील प्रितमने दोघांनाही बजावलं होतं, "आपापल्या स्क्रीनवर दिसा. एका चौकटीत नको, बरं दिसत नाही. आणि आज कोर्टाचा व्हिडिओ कॉल तुटला, तर पुढची तारीख थेट दिवाळीनंतर."

म्हणजे आणखी एक दिवाळी. चकल्या कुणी करायच्या, भाऊबीजेला कुणाकडे आधी जायचं, नातेवाइकांना काय सांगायचं. चेतनाला एवढंच हवं होतं, हे आज संपावं. बाकी आत काही हलत नव्हतं. सकाळी तव्याचा चटका बसला, तोही बोट लाल झालेलं दिसलं तेव्हा कळला.

जजमॅडम दिसल्या. त्यांचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागला, आधी फोनमधून, मग लॅपटॉपमधून.

"आवाज घुमतोय," कोर्टातून कुणीतरी ओरडलं. "एकाचा माइक बंद करा."

चेतनाने आपला बंद केला.

"दोघं एकाच पत्त्यावर राहता?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम. पण वेगळे," देवेश म्हणाला. "मी हॉलमध्ये, ती बेडरूममध्ये. स्वयंपाकही वेगळा."

खोटं नव्हतं. फ्रीजच्या कप्प्यांचीसुद्धा वाटणी झाली होती. कोथिंबीर तेवढी सामाईक.

मग तिची पाळी आली. देवेशने माइक बंद केला, तिने आपला सुरू केला, आणि तेवढ्यात फोनवर लाल रेघ आली. बॅटरी चार टक्के. दोघांचं नेट ओढून ओढून फोन तव्यासारखा तापला होता. चेतनाने चार्जर लावला. मिक्सरमागचं सॉकेट ढिलं, पिन वरच्या बाजूला दाबून धरल्याशिवाय करंट येत नाही. आणि तिला तर फोनसमोरून हलता येत नव्हतं.

देवेशने डावा हात लांब केला. तोंड कॅमेऱ्यासमोर तसंच, कोर्टापुढचं, सरळ. हात मात्र मिक्सरच्या मागे. अंगठ्याने पिन दाबली. फोनवर चार्जिंगची खूण उमटली.

"तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?" मॅडमनी चेतनाला विचारलं.

"नाही."

"पुन्हा एकत्र राहायची काही शक्यता?"

"नाही, मॅडम."

तिचं बोलणं कोर्टात जाऊन जरा वेळाने लॅपटॉपमधून परत आलं. नाही, मॅडम. दुसऱ्याच कुणा बाईचं असावं तसं. देवेशने लॅपटॉपकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

मॅडमनी अर्ज मंजूर केला. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला आणि दोघांचे स्क्रीन एकदमच काळे पडले.

"झालं?"

"झालं."

बाहेर नलिनीकाकूंनी भाजीवाल्याला हाक मारली. चेतनाने साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला. देवेश अजून तसाच, ओट्यावर वाकलेला.

"सोड आता," ती म्हणाली. "संपलं ना."

"सातच टक्के झालीय. ऑफिसला जायचंय ना तुला? अंधेरीपर्यंत पुरायची नाही."

त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. चेतनाने नळ सोडला आणि सकाळचं भाजलेलं बोट पाण्याखाली धरलं.