चावी फिरवा, बाबा

"परत काहीच नाही," बाबा सीटवरून म्हणाले.

लेकीने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. हातातला टेस्टलॅम्प पेटायचं नावच घेत नव्हता. बॅटरी नवी घालून झाली, फ्यूज बघून झाला, गंजलेली अर्थिंगची तार घासून चकचकीत केली, तरी करंट म्हणून स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. आणि हे काही आजचं नव्हतं. गवत कापायचा हा बाबांचा जुनाट, बुटका ट्रॅक्टर दर आठवड्याला रुसायचा, दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा आणि तिची सुट्टी या पत्र्याच्या शेडमध्ये ग्रीस पुसण्यात जायची. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीला हे. नाकी नऊ आणले होते त्या यंत्राने.

"उतरा," ती म्हणाली. "मी बघते."

ती बसली, ब्रेक दाबला, चावी फिरवली. इंजिन एका दमात धडधडायला लागलं, जसं काही झालंच नव्हतं.

हीच तर रड होती. तिने हात लावला की चालू, बाबा बसले की ढिम्म. तिने चावी बंद केली आणि कपाळाला हात लावला. बाबांचं आपलं सुरूच होतं. नव्या बॅटरीची गरजच नव्हती, कुठेतरी वायर सैल आहे, तुझं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. वायर काय माणूस बघून सैल होते का, असं तिने विचारलं.

त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर सापडेना. तिने पेटी पालथी घातली, शेड धुंडाळली. शेवटी निघाला कुठून, तर बाबांच्या खिशातून. पँट कमरेवर राहीना म्हणून पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला घेतला होता म्हणे. पट्ट्याचं उरलेलं टोक पार पाठीकडे वळलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती करवादली. चामडं जुनं झालं की ताणतं, नवा पट्टा घ्या की एकदाचा. बाबा 'घेतो' म्हणाले.

तिने कालच फोनवर बजावलं होतं. आज ट्रॅक्टर तुमच्या हाताने चालू झाला तर ठेवा, नाहीतर उद्या भंगारवाला येऊन घेऊन जाईल. बाबांनी त्यावर वाद घातला नव्हता. तो गेला तर सकाळी उठून मी करू काय, एवढंच विचारलं होतं. आणि आज ती यायच्या आत ट्रॅक्टर धुऊनपुसून ठेवला होता, मुलगी दाखवायची असल्यासारखा.

ते आठवून तिला कसंतरीच झालं. पण वैताग काही जाईना, आणि तोंडून निघून गेलं, "बाबा, मला भेटावंसं वाटलं तर सरळ बोलवा. मी येईन. त्यासाठी ट्रॅक्टर बंद पाडायला नको."

बाबांचा चेहरा उतरला. "अगं, खरंच होत नाही चालू," ते म्हणाले. "मी कशाला खोटं बोलू?"

आता एकच जागा बघायची राहिली होती. सीटखाली बसणाऱ्याच्या वजनाने दाबलं जाणारं एक बटण होतं. माणूस सीटवर नसला की ट्रॅक्टर चालू होत नाही, आणि चालू असला तर तिथेच बंद पडतो, म्हणजे कोणी खाली पडलं तरी पातं त्याच्या पायावरून फिरत नाही. लिफ्टच्या दाराचं असतं तसंच. ते काढूनच टाक ना, वायरी जोडून दे, असं बाबांनी सुचवून बघितलं. ती नाही म्हणाली. रोज लोकांना तेच सांगायची ती. शिवाय ते बटण ठणठणीत होतं. तिने कितीदा तरी स्वतः बसून बघितलं होतं.

तरी आता बघून टाकू म्हणून ती गुडघ्यावर बसली आणि सीटखाली हात घालून बटणावर बोट ठेवलं.

"बसा."

सीट किंचित हलली. ती वाट बघत राहिली. स्प्रिंग तशीच ताठ उभी.

"बसा ना, बाबा. माझी बोटं नाही चेंगरणार."

"बसलोय की कधीचा."

तिने मान वर केली. बाबा चांगले टेकून बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर. स्वेटरच्या बाह्यांमधून काटकुळी मनगटं बाहेर आली होती, आणि ती तिने आज सकाळपासून बघितलीच नव्हती. बोटाखालचं बटण अजून वरच होतं.

तिने हात बाहेर काढला. बराच वेळ तो फडक्याला पुसत राहिली.

"सापडलं का गं?" बाबांनी विचारलं. "मोठं काही आहे?"

ती उठून त्यांच्या मागे गेली, सीटच्या कडेवर तळहात ठेवला आणि सगळा भार दिला.

"चावी फिरवा, बाबा."

इंजिन धडधडलं. बाबांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "वायरच सैल होती ना? मी म्हणत नव्हतो?"

"हो."

"मग हो बाजूला. एक फेरी मारून येतो."

"थांबा थोडं," ती म्हणाली. "इंजिन गरम होऊ दे."

ती तशीच उभी राहिली. हात उचलला असता तर ट्रॅक्टर बंद पडला असता.