तीन बार

आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात घरोघरी एकच काडतूस मावणारी स्वस्त बंदूक असायची. एक बार म्हणजे हरण पडलं, नाहीतर पुन्हा भरेपर्यंत पळालं. तीन बार म्हणजे, धावा, मी संकटात आहे.

म्हाताऱ्या वेल्डनची बंदूक मोडली, तेव्हा तसली कुठल्याच दुकानात मिळेना. मुलाने, क्लिंटने, पाच काडतुसांची घेऊन दिली.

नोव्हेंबरात वेल्डन एकटाच शिकारीला गेला. दुपारी कड्याकडून लागोपाठ तीन बार आले.

"अरे, तीन झाले!" वेल्डनची बायको एर्मा दाराशी धावली.

"अगं आई, बाबांकडे आता पाच आहेत. चुकू देत की दोन-चार! तू कढई तापव."

संध्याकाळी कड्याखाली पाय मोडून पडलेला वेल्डन सापडला. अंग केव्हाच गार झालं होतं.



बंदुकीत दोन काडतुसं तशीच होती.