हरकत नसल्याची सही

फवारणीच्या ड्रोनचे सगळे कागद जमले होते. तेवढ्यात कचेरीतल्या बाईंनी धाकट्यापुढे आणखी एक सरकवला. "शेजारच्या शेतमालकाची सही आणा, हरकत नसल्याची."

शेजारचा शेतमालक म्हणजे धाकट्याचा सख्खा थोरला भाऊ, आणि एका शिडीवरून दोघांत नऊ वर्षं अबोला. दोन दिवस तो भावाच्या दारावरून नुसत्या चकरा मारत राहिला. शेवटी बायकोने कागद त्याच्या हातात कोंबला. "सही मागायचीय, किडनी नाही!"

थोरल्याने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि पाठ फिरवून आत गेला. संपलं सगळं, असं धाकट्याला वाटलं. पण थोरला परत आला तो हातात तसाच एक चुरगळलेला कागद घेऊन. त्यावरही शेजाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती.

"माझाही ड्रोन दोन वर्षं गोठ्यात पडून आहे," तो म्हणाला.

"मग आला का नाहीस, दादा?"

"तुझी वहिनी रोज पाठवत होती. मीच म्हटलं, तो कसली सही देतोय!"

दोघांनी एकाच पेनने सह्या ठोकल्या आणि लगबगीने गोठा गाठला. ड्रोनच्या टाकीवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. थोरल्याने हात पुढे करताच तिने चोच मारली.

"हिची परवानगी यायला एकवीस दिवस लागतील," थोरला हात चोळत म्हणाला. "तोवर तुझाच दोघांच्या शेतात फिरवू."