पत्रिकेतलं वरचं नाव

"नवनाथकाकांचं नाव वर टाकलंस ते बरं केलंस गं," अपेक्षा म्हणाली आणि प्राची दचकून वळली.

दहिवलीत प्राचीचं लग्नपत्रिका आणि बॅनर करायचं दुकान, नवंकोरं. अपेक्षा शेजारच्या पार्लरमधली. तिच्या फोनवर तिच्याच भावकीतल्या, पळसदरीच्या स्वराजच्या लग्नाची पत्रिका उघडी होती आणि निमंत्रकांत पहिलंच नाव, चांगलं ठळक, नवनाथ यांचं. प्राचीने घाईघाईने आपल्या फोनवर तीच पत्रिका उघडली. तिथे ती ओळ रिकामी होती.

स्वराजचे वडील बुधाजी आणि त्यांचा थोरला भाऊ नवनाथ गेल्या जत्रेपासून बोलत नव्हते. कारण काय, तर गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा. दोघांचे केस पांढरे, पण रुसले होते पोरांसारखे. खरं तर निमंत्रकांत घरातल्या थोरल्याचं नाव आधी, ही तिथली रीत. पण बुधाजी दुकानात येऊन बजावून गेले होते, "त्याचं नाव काढ. कुठं दिसलं तर समद्या पत्रिका उल्हास नदीत सोडीन."

आता प्राचीने नाव काढलं म्हणजे काय केलं? कॉम्प्युटरवर पत्रिका अशी थराथराने रचलेली असते, काचेवर काच ठेवावी तशी. एका थरावर गणपती, एकावर वेलबुट्टी, एकावर नावं. त्यांना ती लेयर म्हणायची. नवनाथकाकांचा लेयर तिने नुसता बंद केला, पुसला नाही. भावकीतली भांडणं छपाईच्या आदल्या दिवशी मिटतात आणि मग माणसं धावत येतात, ताई तेवढं नाव घाल म्हणून, हे तिला ठाऊक होतं. पोरगी हुशार. फक्त फोनवर पाठवायची फाइल सगळे थर एक करून, सपाट करून पाठवायची असते, ते तेवढं विसरली. बंद लेयर काही फोन बंदच ठेवतात, काही सरळ उघडून दाखवतात. आणि बुधाजींनी सकाळीच ती फाइल अख्ख्या भावकीला धाडली होती.

फोनवर सांगायची तिची हिंमत होईना. गेल्या वर्षी बुधाजींनी एका मांडववाल्याला चारचौघांत असं झापलं होतं की त्याने पळसदरीला यायचंच सोडलं. हे घर तुटलं म्हणजे त्यांची सगळी भावकी तुटली. ऐन लग्नसराईत दुकानाला कुलूप लावावं लागलं असतं. तिने स्कूटी काढली. शिव्या खायच्याच तर समोर जाऊन खाऊ, एवढंच तिच्या मनात होतं.

बुधाजींच्या दारात मांडवाचे खांब उभे राहत होते. आणि ओटीवर, खुर्चीत, टोपी मांडीवर ठेवून नवनाथकाका चहा पीत होते. प्राची जागच्या जागी थबकली.

बुधाजींच्या बायकोने, सोनुबाईने, तिला बाजूला घेतलं. तिचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. भाऊजी आपणहून आले, ती सांगू लागली. म्हणाले, पत्रिकेत पहिलं नाव माझं घातलंय, मग मी घरी बसून काय करू. हे उठले, गेले नि पाया पडले. बाई, माझ्या उरावरचा धोंडा उतरला बघ.

प्राचीला हायसं वाटलं, पण निम्मंच. बुधाजी तिच्याकडेच येत होते, हातात फोन घेऊन. भाऊ आला हे खरं, पण आपला शब्द डावलला हे त्यांना कळायचं होतंच. त्यांनी विचारायच्या आत तिने सांगून टाकलं.

"काका, चूक माझी. नाव मी झाकलं होतं, पुसलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना दिसलं."

बुधाजींनी ओटीकडे पाहिलं. नवनाथकाका बशीत चहा ओतून घेत होते, निवांत. मग बुधाजींनी हळूच आपला फोन तिच्यापुढे धरला आणि दादाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"समद्यांना दिसतंय गं. माझ्याच फोनात दिसत नाय. तेवढं नीट करून दे."