झोपमोड

"मुलांना झोपू द्या, बाई. उद्यापासून तुम्ही जुन्या मासिकांच्या खोलीत बसा," प्राचार्य म्हणाले आणि विषय संपल्यासारखं पेनाला टोपण लावलं.

ग्रंथपालबाई उभ्याच होत्या. अंगाचा तिळपापड झाला होता, पण आवाज सवयीने दबकाच निघाला. "सर, झोपलेला मुलगा हलवलं की चिडतो. तो चिडला की माझा जीव भांड्यात पडतो. मला भीती आहे ती न चिडणाऱ्याची."

भीती काही हवेतली नव्हती. परीक्षेच्या दिवसांत दुखण्यावरच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या कॉलेजात या खिशातून त्या खिशात फिरत होत्या. कुणी अंगदुखीला घेई, कुणी धीर यावा म्हणून. गोळी जास्त झाली की माणूस घोरता घोरता श्वास घ्यायचंच विसरतो, आणि शेजारच्याला वाटतं, दमलाय बिचारा, झोपू दे. कॉलेजने त्यावर उतारा म्हणून नाकात मारायच्या औषधाच्या फवाऱ्याच्या पेट्या भिंतींवर लावल्या, एका तज्ज्ञाचं व्याख्यानही ठेवलं. व्याख्यानाला समोर दोन शिपाई होते आणि वर पंखे. मग बाईंनी शिकवणी स्वतःच्याच हाती घेतली. टेबलावर टेकलेलं डोकं दिसलं की त्या गदागदा हलवत. गोळी जास्त झालेल्याला वाचवायला काय काय करायचं ते ओळीने म्हणून दाखवल्याशिवाय उठलेल्याची सुटका नसे. चुकला की पहिल्यापासून. मुलांनी त्यांचं नाव गजरबाई पाडलं. शेवटी कुंभकर्ण म्हणून साऱ्या कॉलेजात गाजलेल्या एका मुलाने पुढाकार घेतला आणि तक्रार प्राचार्यांपर्यंत पोचली.

"आणि ती वाचनालयातली पेटी माझ्या कपाटात आणून ठेवा. कुलपात नीट राहील," प्राचार्य म्हणाले.

"कुलपात?" बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. वाचनालयातून! एरवी तिथे पान उलटलेलं ऐकू येई.

"बघा, ही तुमच्या वाचनालयाची शिस्त!" असं म्हणत प्राचार्य उठले. बाई त्यांच्या आधीच दाराबाहेर होत्या.

वाचनालयात कोपऱ्यातल्या टेबलाच्या खुर्च्या बाजूला लोटलेल्या होत्या. फरशीवर पहिल्या वर्षाचा एक मुलगा उताणा पडला होता. ओठ निळे पडले होते. दुसरा एक मुलगा दाराकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता आणि त्याची हनुवटी वर धरून तोंडाने श्वास देत होता, जराही घाई न करता.

"अरे, फवारा..." बाई ओरडल्या.

"मारला, मॅडम!"

"अ‍ॅम्ब्युलन्स..."

"निघालीय! दोघं फाटकावर थांबलेत."

"घड्याळ कोण..."

"मी बघतेय, मॅडम, तीन मिनिटांत जागा नाही झाला तर दुसरा फवारा," एक मुलगी मनगटावरच्या घड्याळावरून नजर न हलवता म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात फवाऱ्याची दुसरी नळी तयार होती.

बाईंना सांगायला काही उरलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयात गोंगाट चालला होता आणि त्यांना तो हवाहवासा वाटत होता.

"पाणी पाजा त्याला! पाणी आणा कुणीतरी!" मागून प्राचार्य धापा टाकत म्हणाले.

"पाणी नाही, सर!" अख्खं वाचनालय एका सुरात ओरडलं.

प्राचार्य जागच्या जागी थबकले. बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. "ऊठ रे बाळा," त्या पुटपुटल्या. आजवर इतक्यांना उठवलं होतं, पण असं कुणालाच विनवलं नव्हतं. मुलाच्या छातीत काहीतरी घरघरलं. मग खोकला आला. मग एक लांब, खराखुरा श्वास. त्याने डोळे उघडले, तोंडाजवळचा हात झटकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय कटकट आहे!" तो म्हणाला.

टाळ्यांच्या कडकडाटाने खिडक्यांची तावदानं थरथरली. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. बाई एकीकडे रडत होत्या आणि एकीकडे हसत होत्या, आणि कोण बघतंय याची त्यांना पर्वा नव्हती.

प्राचार्य हळूच त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. "बाई, पाणी का नाही द्यायचं?"

"श्वासाच्या वाटेत जातं, सर. जीव घुसमटतो."

"हं." त्यांनी भिंतीवरच्या उघड्या पेटीकडे पाहिलं. "उद्या सगळ्या प्राध्यापकांना इथेच बोलावतो. तुम्ही शिकवा. पहिल्यापासून. मीही बसेन."

अ‍ॅम्ब्युलन्ससोबत आलेल्या परिचारिकेने मुलाची नाडी पाहिली, त्याला स्ट्रेचरवर घेतलं. "फवाऱ्याचा असर ओसरला की पुन्हा गुंगी येऊ शकते, म्हणून नेतोय," ती म्हणाली. "पण वेळेवर श्वास मिळाला म्हणून हा वाचला. कुणी केलं हे सगळं?"

सगळी बोटं एकाच दिशेला वळली. गुडघे झटकत तो मुलगा उठला आणि मागे वळला. बाईंनी आत्ता कुठे त्याचा चेहरा पाहिला. केस विस्कटलेले होते आणि गालावर वहीच्या तारेचे वळ उमटलेले होते. कुंभकर्ण!

"डॉक्टरकी शिकतोस का रे?" परिचारिकेने कौतुकाने विचारलं.

"छे हो," तो डोळे चोळत म्हणाला, "या वाचनालयात माझ्याइतकं कुणी झोपत नाही."