वाघदेवाची शिंगं

"पेन नाही, पाणी नाही, थैली काउंटरवर." सोनीनेच बापाला नियम सांगितले आणि हात धुवायला लावले. जान्याने हात पंख्याखाली वाळवले आणि लेकीच्या मागोमाग ग्रंथालयाच्या थंडगार खोलीत शिरला. बाहेर वडपे गावच्या गोदामांना ट्रक लागत होते, आत मात्र चिडीचूप.

टेबलावर पोर्तुगीज काळातल्या एका पाद्र्याचा ग्रंथ उघडा होता. इथल्या कॅथलिक संग्रहातला सगळ्यांत दुर्मीळ. त्या पाद्र्याने कधीतरी डोंगरातला वाघदेव पाहिला होता आणि चित्र काढताना त्याला दोन शिंगं चिकटवली होती. खाली लॅटिनमध्ये लिहून टाकलं होतं, सैतान.

उद्याच्या प्रदर्शनासाठी ग्रंथपाल भावना मॅडमनी नेमकं तेच चित्र निवडलं. पिशव्यांवर छापलं, कपांवर छापलं. त्यांची सहायक म्हणून सोनी आठवडाभर विनवत होती, "मॅडम, तो आमचा देव आहे. पाटीवर तेवढं तरी लिहा."

मॅडम हसल्या होत्या. "अगं, देव कोण विकत घेणार? सैतान बघ, लोक कसे उचलतात!"

सोनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी गेली खड्ड्यात, पण ह्या बाईचे दात घशात घालायचेच, असं तिने ठरवलं. म्हणून आज बाप इथे होता.

जान्या चित्राकडे बघतच राहिला. "शिंगं कोनी लावली याला?"

"हे पुस्तक लिवलं त्या पाद्र्यानी, बाबा. लई वर्सं झाली."

"काका, बघा हवं तेवढं," मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या. "फक्त हात नका लावू."

जान्याने कमरेच्या गाठीतून डबी काढली. तिच्यात तेलात कालवलेला शेंदूर होता. मॅडम उठेपर्यंत त्याचा अंगठा फिरलासुद्धा. दोन्ही शिंगं शेंदराखाली गेली, खालचा शब्दही गेला.

"सोनी! अगं पुस ते! बघत काय बसलीस? अख्ख्या देशात एकच प्रत आहे ही!"

"देवाचा शेंदूर पुसतात काय?" जान्या म्हणाला. "इतकी वर्सं कोंडून ठेवलात त्याला. बोटभर शेंदूर दिला न्हाय कोनी."

सोनी जागची हलली नाही. डबी बापाच्या कमरेला तिनेच खोचली होती. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला तेव्हा तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. आता लाज वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. लाज काही वाटली नाही.

मॅडम रुमाल घेऊन टेबलाकडे धावल्या. सोनी आडवी आली आणि तिने बापाला ग्रंथापुढे उभं केलं. तिने आधी स्वतःच्या चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, बापाच्या ठेवल्या, आणि परत येऊन मॅडमच्या पायांकडे बघितलं.

"मॅडम, चपला बाहेर काढा."