थंडीचं काम

प्राचीने कुपी अविनाशच्या हातात दिली आणि स्वतःच ओशाळली.

"काल पुण्याहून निघताना पातळ होतं, काका. रातच्या थंडीनं असं झालं."

बोटाएवढ्या त्या काचेच्या कुपीत तळाशी पांढरे स्फटिक बसले होते. वर पिवळसर द्रव उरला होता. बाजेवर बसल्या बसल्या अविनाशने ती उन्हात धरली.

शेजारच्या गोविंदाची ही मुलगी पुण्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, आणि तीही त्याच्याच अभिक्रियेवर. काही पदार्थांचे रेणू दोन घडणींचे असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखे. औषधाला त्यातला एकच चालतो. अविनाशने शोधलेला कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, वापरून हायड्रोजन जोडला, की शंभरातले नव्व्याण्णव रेणू उजवे मिळतात, असं त्याच्या पेपरात छापलेलं होतं. त्या आकड्यावर त्याची प्रयोगशाळा उभी राहिली होती. आज दुपारी गावातल्या, उंद्रीच्या शाळेत त्याचा सत्कार होता, तोही त्याच आकड्याचा.

"मले ब्याऐंशीच्या वर भेटतच नाई," प्राची म्हणाली. "माझ्या गाईड मॅडम म्हणतात, सरांचा पेपर सगळं जग वाचतं, तुझ्याच हाताला सफाई नाही. या महिन्यात नाही जमलं तर सोडून दे म्हणाल्या."

"ब्याऐंशी काय कमी हायेत वं?" ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या गीताबाई म्हणाल्या. अविनाशच्या आई त्या. "आमच्या अव्याले धाव्वीत इतके नव्हते."

प्राची हसली, पण हात तिने ओढणीखाली घेतले.

"तू मोजतेस काय?" अविनाशने विचारलं. विचारायला नको होतं.

"सगळंच. फ्लास्कमधलं जसंच्या तसं." तिने कुपीकडे बोट केलं. "आता हे खाली बसलेलं तेवढं काढून मोजलं, तर येतीनच नव्व्याण्णव. उजवे उजवे खाली बसतात, डावे वरच्या पाण्यात राहून जातात. पण ते थंडीचं काम झालं, काका. त्यात कॅटॅलिस्टचं काय?" तिला तिच्याच बोलण्याची गंमत वाटली. "असं करून आकडा नेला, तर मॅडम मले हाकलूनच देतीन."

अविनाशही हसला. हसणं लगेच थांबवता आलं नाही.

पेपराच्या त्या प्रयोगात त्याची स्वतःची बाटलीही रात्रभर फ्रीजमध्ये राहिली होती. सकाळी त्याने तळाचं मोजलं आणि आकडा पाहून प्रयोगशाळेत पेढे वाटले. चूक ध्यानात आली तेव्हा पेपर छापून झाला होता. दुरुस्ती म्हणून एक परिच्छेद पुरला असता. पुढे ज्या कुणाला ते जमलं नाही, त्याला तो एकच सांगत आला: कॅटॅलिस्टला हवा लागली असेल.

"काका, खरं सांगा," प्राची म्हणाली. आता ती हसत नव्हती. "माझा हातच वाईट आहे का? तसं असंन तर मी सोडून देतो. उगाच काऊन जीव काढायचा?"

शेंगा फुटायच्या थांबल्या. "सांग ना रे तिले," गीताबाई म्हणाल्या. "इतक्या दुरून आली पोरगी. तुह्याशिवाय कोन सांगनार?"

रस्त्यावरून सत्काराची दवंडी देणारी रिक्षा गेली. भोंग्यात त्याचं नाव होतं, नावाआधी बरंच काही होतं. ती वळणापलीकडे गेली. सांगायचं होतं ते एवढंच: तुझं बरोबर आहे.

"हवा लागत असेल कुठेतरी," अविनाश म्हणाला. "आणि हात... हात बसायला वेळ लागतो."

"हाव," प्राचीने मान हलवली. "मलेही तेच वाटे."

तिने कुपी त्याच्याकडून घेतली, रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मग नमस्काराला वाकली.

"राहू दे, राहू दे," म्हणत अविनाशने पाय बाजेखाली ओढून घेतले.

पण ती वाकलेलीच होती. त्याचे पाय जिथे होते, तिथली जमीन तिने बोटांनी शिवली आणि बोटं कपाळाला लावली.